सातची रत्नागिरी

पहाटे पावणेपाच

गजर वाजायच्या आधी जाग येते. चौदा वर्षं कंडक्टरची नोकरी केल्यावर घड्याळ अंगातच बसतं. चार भाकऱ्या थापते, दोन माझ्या आणि दोन ड्रायव्हरदादांच्या. ठेचा त्यांच्या घरून येतो. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, आठवत नाही. लेक झोपलेली असते. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचं, खाकी चढवायची, बिल्ला लावायचा आणि बाहेर पडायचं.

सव्वासहा

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर आज आंब्याच्या पानांचं तोरण आहे, फलाटाजवळ रांगोळी आहे. १ जून. १९४८ साली याच तारखेला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, म्हणून हा एसटीचा वाढदिवस. येणाऱ्या प्रवाशाच्या हातावर पेढा ठेवायचं काम आज एका नव्या पोराकडे आहे. सकाळी सहाला पेढा कोण खाणार असं वाटतं, पण सगळे खातात.

वेबिल घेतलं, तिकिटाचं मशीन घेतलं, कागदाचे दोन रोल जास्तीचे घेतले. मशीन चार्ज आहे का बघितलं. गाडीत चढून बाकांवरून एकदा हात फिरवला. आदल्या रात्रीच्या खेपेत कुणाचं काही राहिलंय का, हे मी रोज बघते. आज एका बाळाचं टोपरं मिळालं. ते कंट्रोलर साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.

सात

डबल बेल. गाडी शिवाजी पुलावर येईपर्यंत मी जागची हलत नाही. पंचगंगा ओलांडली की पुढच्या बाकापासून सुरुवात करते.

"कुठं जायचं?"

हा माझा नोकरीतला प्रश्न. दिवसभरात दोनशे वेळा तरी विचारत असेन. मला वाटतं, गाडीतल्या सगळ्या बोलण्याचं मूळ या प्रश्नात आहे. मी विचारते, माणूस उत्तर देतो, आणि ते शेजारच्याच्या कानावर पडतं. "बांबवडे" म्हटलं की शेजारचा मान वळवतो. "बांबवड्यात कुठं?" झालं, सुरू.

बसमध्ये माणसं एकमेकांना नाव विचारत नाहीत, गाव विचारतात. तुम्हीही आठवून बघा. तीन तास शेजारी बसून, घरच्या भांडणापासून म्हशीच्या दुधापर्यंत सगळं बोलून उतरलेल्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत नसतं. गाव मात्र पाच वर्षांनीही आठवतं. कारण गाव कळलं की त्यात आपला एखादा धागा सापडतो. "तुमच्याच गावात माझी आत्या दिलीय." "तुमच्या जत्रेला आलो होतो, त्या साली लई पाऊस झाला." "तुमच्या वळणावरचा वडापाव मिळतो का अजून?" एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. दुसरा टप्पा संपायच्या आत या माणसांना कुणीतरी दोघांच्या ओळखीचं सापडलेलं असतं. नाहीच सापडलं तर ऊस आणि पाऊस आहेतच.

केर्लीला जोतिबाला जाणारे उतरले. वाघबीळला पन्हाळ्याचे उतरले, तिघं चढली.

सुट्ट्या पैशांबद्दल इथं सांगायला हवं. मी नोकरीला लागले तेव्हा निम्मी ताकद सुट्ट्यांत जायची. नोट मोठी, तिकीट लहान. मग तिकिटामागं बाकी लिहून द्यायची. कधी दोन अनोळखी माणसांची बाकी एका नोटेत बसायची. मग ती नोट एकाच्या हातात द्यायची. "तुम्ही दोघंही मलकापूरला उतरताय, तिथं मोडून वाटून घ्या." दोघं एकमेकांकडं बघायची. आता ती नोट मोडेपर्यंत त्यांना बरोबर राहणं भाग. मलकापूरला दोघं मिळून चहा घ्यायची, नोट मोडायची, आणि गाडी सुटताना मी खिडकीतून बघायची, तर अजून बोलतच उभी असायची. दोन घरांची सोयरीक अशा एका पन्नासच्या नोटेवरून जमलेली मला माहीत आहे. पत्रिका द्यायला मुलीचे वडील स्वतः स्टँडवर आले होते.

आता मोबाइलवर पैसे येतात. हिशेब चोख बसतो, संध्याकाळी डोकं दुखत नाही, मी सोयीच्या बाजूची आहे. पण ती नोट गेली, हेही खरं.

आणखी एक बदल झाला, तो चांगला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. आधी बाई एकटी गाडीत दिसली की कारण मोठं असायचं. लग्न, दवाखाना, कोर्ट, मयत. आता बायका "बहिणीला बघून येते" म्हणून निघतात. बहीण आजारी नसते, काही नसतं. नुसतं बघून यायचं असतं. आज तिसऱ्या बाकावरच्या दोघी अशाच होत्या. एक बोरपाडळ्याची, एक कोल्हापुरातली. बांबवडे येईपर्यंत त्यांनी एकमेकींच्या सासूचं दुखणं, सुनेची नोकरी आणि उन्हाळी पापडाचं प्रमाण सगळं विचारून घेतलं. उतरताना बोरपाडळ्याचीनं दुसरीच्या ओंजळीत शेंगा ओतल्या.

पावणेनऊ, मलकापूर

दहा मिनिटं थांबा. चहा घेऊन वर आले तर दारातल्या पायरीवर एक आजी अडल्या होत्या. एका हातात पिशवी, एका हातात काठी, आणि दांडा धरायला तिसरा हात नाही. कॉलेजच्या एका पोरानं पिशवी घेतली, मी हात दिला.

"कुठं जायचं, आजी?"

"पालीला. लेकीकडं."

पंचाहत्तरच्या पुढं तिकीट शून्य लागतं, पण वयाचा पुरावा बघावा लागतो. आजींनी चोळीतून पिशवी काढली, पिशवीतून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून आधार कार्ड. मी तारीख बघितली आणि हसूच आलं. ०१/०६.

"आजी, आज वाढदिवस तुमचा!"

"माझा? आता गं बया. माझा जन्म पाडव्याच्या आदल्या दिसाचा, आई सांगायची. ही तारीख कुणी घातली देवाला ठावं."

पिशवी उचलून दिलेला पोरगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "माझ्या आजोबांचीपण एक जूनच आहे." मागून एक पागोटेवाले म्हणाले, "माझीबी." चौथ्या बाकावरचे एक निवृत्त शिक्षक उठून उभे राहिले. म्हणाले, आम्हीच घातल्यात या तारखा. पोर शाळेत घालायला बाप यायचा, जन्म कधीचा म्हटलं तर सांगायचा, मोठा पूर आला त्या साली, किंवा म्हैस व्याली त्या आठवड्यात. शाळा जूनमध्ये सुरू होणार, दाखला तर भरायला हवा, मग एक जून. सगळ्या महाराष्ट्रात अशी माणसं आहेत. मास्तर पुढं म्हणाले, "माझीसुद्धा एक जूनच आहे. माझ्या मास्तरांनी घातलेली."

"मी कुठं शाळंत गेले?" आजी म्हणाल्या. "कार्ड काढणाऱ्या पोरानं घातली असंल."

गाडीत त्या घटकेला, पोराच्या आजोबांना धरून, चौघांचा वाढदिवस निघाला, आणि पाचवा एसटीचा. कोल्हापुरातून आणलेला माझ्या वाटचा पेढा डब्यात होता, तो आजींना दिला. त्यांनी त्याचे चार तुकडे केले.

आधारवर आजींचं नाव मी वाचलं होतं. मी एकटीनंच. गाडीत त्या "पालीच्या लेकीच्या आई" झाल्या.

साडेनऊ, आंबा

आंब्याजवळ विशाळगडाचा फाटा फुटतो. इथून पुढं घाट. ढग रस्त्यापर्यंत उतरले होते. पावसाळा टेकलाय. ड्रायव्हरदादांनी दिवे लावले आणि गाडीतलं बोलणं हळूहळू थांबलं. हे दर खेपेला होतं, कुणी सांगावं लागत नाही. केबिनमध्ये "चालकाशी बोलू नये" अशी पाटी आहे, पण घाटात माणसं एकमेकांशीही बोलत नाहीत. वळणागणिक सगळ्यांचे हात पुढच्या बाकाच्या दांड्यावर येतात. २०२१ च्या जुलैत इथं दरडी कोसळल्या होत्या. त्या वळणांवरून जाताना मी अजूनही डोंगराकडच्या बाजूला बघते.

एका वळणावर समोरून मोठा ट्रक आला. दादांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. ट्रकवाल्यानं जाताना काच खाली केली. "खाली लई धुकं हाय, दिवं चालू ठेवा." दादांनी हात वर केला. दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना ओळखत नाहीत, परत भेटतील असंही नाही. घाटात हे बोलणं व्हावंच लागतं, कारण पुढचं वळण फक्त समोरून आलेल्यालाच ठाऊक असतं.

कठड्याजवळ करवंदं विकणाऱ्या दोन मुली पानांचे द्रोण घेऊन उभ्या होत्या. घाटात थांबा नाही. त्या हात हलवतात, मी हात हलवते.

धुकं संपलं, हवा एकदम जड आणि ओली झाली, आणि कुणीतरी बोलायला सुरुवात केली. घाट उतरलं की बोलीही उतरते. वर "बरं झालं", खाली "बरा झाला". वर "कुठं निघालाईसा", खाली "कुठे चाल्लाव". सुरुवातीला मला खालचं ऐकताना थांबावं लागायचं. आता माझी जीभ आपोआप वळते. साखरप्याला चढणाऱ्याला मी "बरा हाय ना?" विचारते आणि परतीला मलकापुरात "बरं हाय न्हवं?" दादा म्हणतात, तुमच्या तोंडातपण गिअर हाय.

साडेदहा, साखरपा ओलांडल्यावर

इथं जे झालं ते लिहायचं टाळावं असं एकदा मनात आलं. पण दिवस सांगायचा तर पुरा सांगावा.

एक पन्नाशीचे गृहस्थ साखरप्याला चढले आणि आजी खिडकीशी सरकल्यामुळं त्या पोराच्या दुसऱ्या बाजूला बसले. तीनचा बाक. गाव विचारलं, पोरानं सांगितलं. कॉलेज विचारलं, सांगितलं. मग गृहस्थ म्हणाले, "त्या गावात कुणापैकी?" पोरगा म्हणाला, "आहे एक घर आमचं." "तसं नव्हे. आडनाव काय?"

पोरानं आडनाव सांगितलं. गृहस्थ "हं" म्हणाले आणि पेपर उघडला. इतका वेळ हसून बोलणारा पोरगा समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत बसला.

मी चौदा वर्षं हे बघतेय. गाव विचारणारा माणूस धागा शोधत असतो. आडनाव विचारणारा पुष्कळदा पायरी शोधत असतो. दोन्ही प्रश्न एकाच चालीत, एकाच सुरात येतात, म्हणून ऐकणाऱ्याला सावध व्हायला वेळ मिळत नाही. मला याचा राग येतो. कंडक्टरला गाडीत वाद घालता येत नाही, पण जागा बदलता येते. "साहेब, तुम्हाला पेपर वाचायला पुढं उजेड जास्त आहे, एक सीट मोकळी आहे," असं मी म्हणाले. ते गेले.

आजींना काय कळलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीत हात घातला, एक कापडी पुरचुंडी काढली आणि पोराला म्हणाल्या, "मेथीचा लाडू हाय. कडू लागंल, पर खा." दाभोळे, नाणीज जाईपर्यंत तो त्यांना मोबाइलवर त्यांच्याच गावचा रस्ता वरून कसा दिसतो ते दाखवत होता. त्या बोट ठेवून विचारत होत्या, यात आमची विहीर कुठाय?

पालीला उतरताना आजींना त्यानंच खाली घेतलं. लेक स्टँडवर उभी होती. आजी परत दाराशी आल्या.

"बेस्तरवारी परत जानार मी. तूच असशील न्हवं गाडीवर?"

"असेन की," मी म्हणाले आणि बेल मारली.

पावणेबारा, रत्नागिरी

हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग सोडला की रत्नागिरी हाकेवर. गाडी लावली, वेबिलावर नोंद केली, तोंड धुतलं. घामानं खाकी पाठीला चिकटलेली. भाकरी, ठेचा, आणि विश्रांतीगृहात शेजारी बसलेल्या दुसऱ्या आगाराच्या कंडक्टरच्या डब्यातलं सुकटीचं कालवण. तिच्या गाडीची आणि माझ्या गाडीची वेळ महिन्यातून दोन-तीनदाच जुळते. आम्ही एकमेकींच्या मुलांच्या इयत्ता विचारतो. नंतर अर्धा तास पाठ टेकली.

दुपारी दीड

परतीची गाडी भरलेली होती. आंबा संपत आला तरी पेट्या होत्याच. आणि सुकी मासळी. आजपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून पावसाळ्याची बेगमी करून निघालेल्या वरच्या बायका. एकीच्या गोणीत बांगडे होते. वास सुटला. मागच्या बाकावरच्या एका माणसानं कुरकुर केली. हातखंबा यायच्या आत तोच माणूस भाव विचारत होता.

नाणीजच्या पुढं एका फाट्यावर एक जोडपं चढलं. साठीच्या आसपासचं. बाईंच्या हातात कपड्यांची पिशवी, बाबांच्या हातात मोबाइल, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"कुठे जायचंय?"

"कोल्हापूर. सीपीआर."

सीपीआर म्हणजे कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना. मी पुढं काही विचारलं नाही. बाबांनीच सांगितलं. मुलगा कोल्हापुरात कामाला, सकाळी मोटारसायकलवरून पडला, मित्रानं सीपीआरला नेलंय. दोघांपैकी कुणीही कोल्हापूर पाहिलेलं नव्हतं. कोकणातून मोठ्या उपचाराला कोल्हापूर गाठणारी माणसं माझ्या गाडीत रोज असतात, फाइली आणि एक्स-रेचे मोठे लिफाफे घेऊन. पण ही दोघं कसल्याही कागदांशिवाय आली होती, त्यामुळं जास्तच हरवलेली दिसत होती.

त्यानंतर कोल्हापूर येईपर्यंत मी तिकिटं फाडत होते आणि ऐकत होते. बांगडेवाल्या मावशींनी बाईंना आपल्या शेजारी ओढून घेतलं. कुरकुर करणारा तो माणूस निघाला सीपीआरची वाट पाठ असलेला. त्याचा भाऊ तिथं महिनाभर होता. अपघाताचा विभाग कुठं, रात्री एका नातेवाइकाला थांबू देतात का, जेवण कुठं मिळतं, आधी कुठला कागद मागतात, त्यानं सगळं सांगितलं. बाबांना लक्षात राहीना, तेव्हा खिडकीजवळच्या मुलीनं वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ती कोल्हापुरात होस्टेलवर राहते, सुट्टी संपवून परत चालली होती. घाटात सगळे गप्प झाले तेव्हा बाईंचा हात मावशींच्या हातात होता. आंब्याला फोन लागला. मुलगा शुद्धीवर आहे, बोलतोय, असं मित्रानं सांगितलं. बाबांनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

मलकापूरला मावशी उतरल्या. गोणी खाली घेताना म्हणाल्या, "पोरगं बरं झालं की शाहूवाडीला या, बांगडं घालते खायला." पत्ता त्यांनी दिला नाही, यांनी मागितला नाही.

सहा, कोल्हापूर

स्टँडवर गाडी लागली. होस्टेलच्या मुलीनं आपली बॅग पाठीवर टाकली आणि बाईंची पिशवी हातात घेतली. "माझ्या वाटेतच आहे," म्हणाली. तिचं होस्टेल राजारामपुरीत, मघाशी मला तिनंच सांगितलं होतं. सीपीआर उलट्या दिशेला आहे. तिघं रस्ता ओलांडून केएमटीच्या शहरबसच्या थांब्यावर गेली.

मी बाकांवरून हात फिरवला. एक छत्री मिळाली.

पावणेसात

रोख भरली, मशीन जमा केलं, वेबिल दिलं. हिशेब जुळला. दोनशे साठ किलोमीटर झाले. रांगोळी दिवसभराच्या पावलांनी पुसली गेली होती.

बाहेर पडताना फलकावर पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या लागलेल्या दिसल्या, तेव्हा आठवलं. गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी आहे. आजींना तर मी "असेन" म्हणून बसले होते. गुरुवारी सातच्या रत्नागिरीवर जिची ड्युटी आहे, ती अजून आवारातच होती. तिला गाठलं. कारण विचारलं तिनं. मी म्हणाले, पालीहून एक आजी चढणार आहेत.

तिनं शुक्रवार मागितला. दिला. गुरुवारी गाडीवर मी आहे.